सोलं आणि सुपरकॉम्प्युटर

सुपरकॉम्प्युटर घरात बाळगावा की नाही, याबद्दल मत असणारी माणसं जगात पुष्कळ सापडतील. पण ज्याने तो खरोखर बाळगला, आणि तोही स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत, असा आमच्या आमोणे गावात तरी मी एकटाच. तेव्हा या विषयावर मी थोडं अधिकाराने बोललो तर कुणी रागावू नये. मी डिचोलीच्या एका हायस्कुलात भौतिकशास्त्र शिकवतो. अजूनही बुधवारच्या बाजारात लोक मला गाठून त्या यंत्राची चौकशी करतात, आणि करताना ओठ दाबून धरतात. इतकी वर्षं नववीच्या वर्गाला घर्षण शिकवल्यावर माणसाला अशा ओठांची सवय होते.

मुळात सुरुवात सुपरकॉम्प्युटरपासून झालीच नाही. ती झाली आमच्या विहीणबाईंच्या दातांपासून.

आमची मुलगी आनंदी त्या वर्षी माघात केरीला दिली. गोव्यात केरी नावाची गावं तीन तरी आहेत, म्हणून सांगतो: ही पेडण्याची केरी, तेरेखोलच्या अलीकडची, समुद्राकाठची. माणसं चांगली, जावई चांगला, घरात वारा तर असा की जेवताना ताटातला पापड एका हाताने धरून ठेवावा लागतो. लग्नानंतर पहिल्यांदा लेकीकडे गेलो तेव्हा माझ्या बायकोने, सुमंगलाने, सोबत सोलांची बरणी नेली होती. कोकमाची साल मिठात आणि तिच्याच रसात पुन्हा पुन्हा भिजवून उन्हात वाळवली की होतात ती सोलं; देशावर त्यांना आमसुलं म्हणतात. आमच्या वाड्यावर सुमंगलाच्या सोलांना मान आहे. विहीणबाईंनी, म्हणजे चंद्रावतीबाईंनी, त्यातलं एक सोल चावून पाहिलं आणि अगदी सहज म्हणाल्या,

"सोलां बरीं आसात हां. पूण दांतांक कितें तरी लागता. खाणीचें आसतलें."

सुमंगला हसली. ते हसू मी ओळखतो. परतीच्या वाटेवर पेडण्यात बस थांबली तेव्हा मी "च्या घेवया?" म्हणून विचारलं. उत्तर आलं नाही. म्हापशात पुन्हा विचारलं, तर तिने खिडकीबाहेर पाहिलं. डिचोलीला विचारायचं धाडस मला झालं नाही.

यातली अडचण अशी की विहीणबाई खोटं काहीच बोलल्या नव्हत्या. त्या दिवसांत खाणी जोरात होत्या. खनिजाचे ट्रक दिवसभर रस्त्यावरून जायचे, मांडवीच्या काठाला खनिज वाहणाऱ्या मोठ्या बोटी, म्हणजे बार्जी, लागलेल्या असायच्या, आणि त्यांची तांबडी धूळ आमच्या गच्चीवर, केळीच्या पानांवर, माझ्या पांढऱ्या शर्टांवर आणि अर्थात सोलांवर बसायची. सुमंगला त्यासाठी सोलांवर पातळ लुगडं अंथरायची. पण गेल्या वर्षी सोलं अर्धी सुकलेली असताना अवेळी पाऊस आला, धावपळीत ती लुगड्यासकट गुंडाळून गोळा केली, आणि लुगड्यावरची सगळी धूळ सोलांत गेली. म्हणजे धूळ हे दु:खाचं निमित्त, मूळ कारण पाऊस. हा निष्कर्ष माझा होता. तो मी बोलून दाखवला, आणि तीच माझी चूक झाली.

"तुमी भौतिकशास्त्र शिकयतात न्हय?" सुमंगला म्हणाली. "मागीर आमच्या गच्चीर पावस केन्ना पडटलो, तें सांगात."

तिचं म्हणणं सरळ होतं. लग्नानंतरच्या पहिल्या चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, माहेरून मुलीच्या सासरी व्हजें जातं: करंड्या भरून फळं, लाडू, खाजं, जे काय ऐपतीत बसेल ते, आणि सासरच्या सगळ्या शेजारघरांत ते वाटलं जातं. यंदाच्या व्हजात सुमंगला सोलं घालणार होती. व्हजात सोलं घालायची रीत नाही, पण ती घालणार होती. केरीच्या सगळ्या वाड्याने ती चावायची होती आणि कुणाच्याही दाताला काही लागायचं नव्हतं. त्यात चूक झाली तर आमोण्याच्या माणसांना केरीत पुन्हा कोणत्या तोंडाने पाय ठेवायचा, आणि आनंदीने त्या घरात मान वर कशी करायची, हे तिने मला दोनदा विचारलं.

आता गच्चीवर पाऊस केव्हा पडेल हे सांगणारा माणूस आमच्या शेजारीच राहतो. गुरुदास. तो नदीवरच्या बार्जींच्या ऑफिसात कारकून आहे आणि रोज सकाळी कुंपणाशी उभा राहून, दात घासता घासता, आभाळाचा निकाल देतो. "मास्तर, हांवें बार्जींमदीं जल्म काडला. म्हाका वारो कळटा. आयज पावस पडचो ना." गेल्या वर्षी सोलं भिजली त्या सकाळीही त्याने हेच सांगितलं होतं. रेडिओ सांगतो, 'उत्तर गोव्यात तुरळक ठिकाणी सरी.' ते तुरळक ठिकाण आमची गच्ची आहे की समोरच्या काठावरचं देऊळ, हे रेडिओला विचारता येत नाही.

आणि इथे मला खरोखरच कुतूहल वाटू लागलं. एरवी मी विज्ञान शिकवतो ते घंटा होईपर्यंत. पण हा प्रश्न मला रात्री उशीवर डोकं टेकल्यावरही सोडेना. मी पुस्तकं काढली. हवामानाचा अंदाज कसा करतात? तर आभाळाचे चौकोन पाडायचे, जमिनीवर लाद्या असतात तसे, आणि त्यांचे थरावर थर. प्रत्येक चौकोनात वारा किती, ओल किती, ऊन किती. आणि शेजारचा चौकोन त्याच्याकडून काय घेतो, त्याला काय देतो. वाड्यावरच्या बायकांच्या उसनवारीसारखंच हे, फक्त आकडेमोड मोठी. इतकी मोठी की तिला सुपरकॉम्प्युटर लागतो. मोठ्या शहरातल्या मोठ्या संस्थांत तो असतो. पण त्यांना आमच्या गच्चीशी काय देणंघेणं? मग तो घरात का असू नये?

पुढचं वाचल्यावर तर मी खुर्चीतून उठलोच. साधे कंप्युटर तारांनी जोडून, एका कामाचे तुकडे करून त्यांच्यात वाटले, तर ते सगळे मिळून लहानसा सुपरकॉम्प्युटर होतो. पूर्वी लावणीच्या वेळी वाड्यावरची सगळी घरं एकेकाच्या शेतात उतरत, तसं. त्यासाठी लागणारा प्रोग्राम परदेशातल्या कुठल्याशा विद्यापीठाने फुकट ठेवलेला. राहता राहिले कंप्युटर.

आणि कंप्युटर तर वाड्यावर घराघरांत पडलेले होते. काही वर्षांपूर्वी सरकारने अकरावीतल्या मुलांना ते दिले होते. मुलं शिकून कामाला लागली, कंप्युटर घरी राहिले. प्रत्येक घरात तो हॉलमध्ये, टीव्हीच्या शेजारी, क्रोशाने विणलेल्या कव्हराखाली झाकलेला असायचा. धूळ बसू नये म्हणून. वर्षातून दोनदा कव्हर काढायचं: दसऱ्याला फूल वाहायला आणि चवथीपूर्वी धुवायला.

मी घरोघर गेलो. माणसं नाही म्हणाली नाहीत. आमोण्यात मास्तराला तोंडावर नाही म्हणत नाहीत, अटी घालतात. एका घरची अट अशी की कंप्युटरवरचा प्लॅस्टिकचा गणपती काढायचा नाही. दुसऱ्या घराला तो पूर्वेकडे तोंड करून हवा होता. गुरुदास म्हणाला, आमचा सगळ्यात वरच्या फळीवर ठेव, कारण त्याचा पडदा मोठा आहे. पडद्याची गरजच नाही असं मी समजावलं, तेव्हा तो दुखावला आणि पडदाही घेऊन आला. कव्हराची अट तर सगळ्यांचीच होती. असे सतरा कंप्युटर जमले.

ते ठेवायला फळ्या हव्या होत्या. देवळाच्या नाटकाच्या स्टेजच्या फळ्या बाबाजींच्या ताब्यात असतात. बाबाजी गावातले जाणते. कुठलंही नवं काम असो, देवापुढे गाऱ्हाणं, म्हणजे यशाचं मागणं, तेच घालतात. त्यांनी फळ्या दिल्या, पण विचारलं, "गाऱ्हाणें घातलें?"

मी विज्ञानाचा शिक्षक आहे. या बाबतीत माझी काही मतं आहेत. ती बाबाजींना सांगणार होतो, पण सुमंगला तोवर नारळ घेऊन आली होती.

"बा देवा म्हाराजा," बाबाजींनी सुरू केलं, "आयज ह्या वाड्याच्या सतरा घरांचे सतरा कंप्युटर मास्तरान एका सुतान बांदल्यात. तांकां एकविचारान चलय."

"व्हय म्हाराजा," खोलीत दाटीवाटीने उभे असलेले सगळे म्हणाले.

"एकल्यान काम करचें आनी दुसऱ्यान न्हिदचें, अशें जांवचें न्हय."

"व्हय म्हाराजा."

"कोणाची दिश्ट पडली आसत जाल्यार ती धुल्लावरी उडय, आनी मास्तराक येस दी."

"व्हय म्हाराजा." या वेळी मीही म्हणालो. खरं सांगायचं तर मी वाचलेल्या जाड पुस्तकात पहिली दोन प्रकरणं यातल्या पहिल्या दोन मागण्यांवरच होती, आणि बाबाजींनी त्या थोडक्यात मांडल्या होत्या.

कळ दाबली. सतरा पंखे एकदम घरघरले, सगळ्यांनी हात जोडले, आणि वाड्याची वीज गेली.

दुसऱ्या दिवशी मी डिचोलीच्या वीज कचेरीत गेलो. घराचा मंजूर भार वाढवून घ्यायचा, एवढंच काम. खिडकीतल्या कारकुनाने कशासाठी म्हणून विचारलं. मी सांगितलं. त्याने चष्मा काढला.

"मास्तर, दर चार आसात. घरगुती, वेपारी, उद्योग आनी शेती. तुमचो हो सुपरकॉम्प्युटर हातूंतल्या खंयच्यांत बसता?"

"घरगुती," मी म्हणालो. "घरांत आसा न्हय?"

"घरांत तर कोणेंय पिठाची गिरणूय दवरता. म्हणून ती घरगुती जायना. तो करता कितें?"

"विचार करता. हवामानाचो."

कारकुनाने चष्मा पुन्हा घातला. मग तो आत जाऊन साहेबांशी बोलून आला. "विचार करपाचो दर वयल्यान येवंक ना," तो म्हणाला. "इंजिनियर येवन पळयतलो. तोमेरेन चलोवं येता, पूण तुमच्या जबाबदारेर."

इंजिनियर येऊन पाहीपर्यंत यंत्र माझ्या जबाबदारीवर चालवायचं ठरलं. आमच्या संपूर्ण व्यवस्थेत विचार करण्यासाठी वेगळा दर नाही, ही गोष्ट मला वाईट वाटण्यापेक्षा विचित्र वाटली. बसमध्ये मी त्यावर बराच विचार केला, अर्थात फुकट.

लाइनमनने वाड्याचा फ्यूज बदलला, मी कंप्युटर एकेक करून चालू करायला शिकलो, आणि सोमवारी सकाळी आमच्या गच्चीचा मंगळवारचा अंदाज काढायला यंत्र बसलं. सुमंगलाने कोकमाचा पहिला तोडा फोडून, बिया काढून, साली गच्चीवर पसरल्या. मंगळवारी सकाळी तिने विचारलं, "कितें म्हणटा तुमचो?"

"चालू आहे," मी म्हणालो. दुपारी तिने पुन्हा विचारलं. चालूच होतं. चारच्या सुमाराला आभाळ भरून आलं आणि दहा मिनिटांची एक सर पडून गेली. सोलं भिजली. तांबडं पाणी गच्चीवरून न्हाणीघरापर्यंत वाहत आलं.

बुधवारी संध्याकाळी अंदाज बाहेर पडला: मंगळवारी, चारच्या सुमारास, हलकी सर.

मी तो कागद घेऊन नाचायचाच बाकी होतो. अहो, बरोबर आला होता. वेळसुद्धा बरोबर. आमोण्याच्या एका गच्चीवरची दहा मिनिटांची सर सतरा झाकलेल्या, धूळ खात पडलेल्या कंप्युटरांनी स्वतः हिशेब करून पकडली होती. हे मी सुमंगलाला सांगितलं, कुंपणावरून गुरुदासला सांगितलं, बाबाजींना घरी जाऊन सांगितलं.

"म्हणजे," बाबाजी सावकाश म्हणाले, "काल पावस पडलो तें आयज कळ्ळें."

गुरुदास तर माझ्यापेक्षाही खूश झाला. "हांव चुकतां पूण वेळार चुकतां," तो म्हणाला, आणि ते वाक्य त्याने पुढचा आठवडाभर नदीकाठच्या प्रत्येक माणसाला सांगितलं.

वेग वाढवायला मी चौकोन मोठे केले. आता अंदाज वेळेवर येऊ लागला, पण एक चौकोन इतका मोठा झाला की त्यात आमची गच्ची, डिचोलीचा बाजार, म्हापसा आणि थेट केरीचा समुद्र असं सगळंच मावलं. यंत्र रोज सकाळी सांगू लागलं: उत्तर गोव्यात तुरळक ठिकाणी सरी. रेडिओ तेच सांगायचा, आणि त्याला विजेचा एक सेल पुरायचा. मी पुन्हा चौकोन लहान केले.

शिवाय कव्हरं. मी ती काढायचो, कारण आत गरम हवा कोंडून यंत्रं आपोआप बंद पडायची. आणि दिवसभरात कुणी ना कुणी आपला कंप्युटर बघायला यायचं, तो उघडा दिसला की त्यांना वाईट वाटायचं, आणि ते गुपचूप कव्हर घालून जायचे. दुसऱ्या कुणाचा उघडा दिसला तर शेजारधर्माने त्याच्यावरही घालायचे. संध्याकाळी येऊन बघावं तर सतरा कव्हरं आणि आत निजलेले सतरा कंप्युटर. गाऱ्हाण्यातली दुसरी मागणी देवाने ऐकली होती, पण उलट्या बाजूने.

पहिल्या तोड्याच्या सोलांना बुरशी आली. ती सुमंगलाने माझ्यादेखत शेणखतात टाकली. माझ्यावर ओरडली असती तर बरं वाटलं असतं. ती फक्त म्हणाली, "आतां झाडार निमाणो तोडो उरला. तो गेल्यार चवथीच्या व्हजाक सोलां ना." त्या वेळी मला पहिल्यांदा भीती वाटली. अंदाज चुकण्याची नव्हे. कुतूहल माझं, आणि केरीच्या ओसरीवर मान खाली घालून बसणार आनंदी, ही जोडी मला आवडली नाही.

शेवटचा तोडा फोडला, पसरला, आणि दुसऱ्याच दिवशी दुपारी समुद्राकडून काळं आभाळ आलं. मी यंत्रापाशी धावलो. ते कालच्या दुपारपर्यंत पोचलं होतं. गुरुदास कुंपणावरून ओरडला, "पडचो ना, मास्तर," आणि पहिला थेंब त्याच्याच नाकावर पडला. या वेळी सुमंगलाने लुगडं गुंडाळलं नाही. ती सालीच वेचून रोवळ्यांत भरू लागली, मीही भरू लागलो. घरात ठेवायला जागा म्हणून नव्हती. हॉलमध्ये नारळ, खाटेखाली लाकडं, पडवीत वाऱ्याने पाऊस आत येत होता. रिकामी जागा होती ती फक्त माझ्या यंत्राच्या खोलीत.

ती दार उघडून आत गेली आणि तिथेच थांबली. त्या खोलीत मी रोज घामाघूम होऊन बसत होतो, पण तिने दोन आठवड्यांत आत पाऊल टाकलं नव्हतं. तिने फळीजवळ जाऊन एका कंप्युटरच्या मागच्या पंख्यासमोर तळहात धरला. मग दुसऱ्याच्या. नंतर तिने एक साल त्या वाऱ्यात धरून वासही घेतला.

"हें सगळे वेळ अशेंच आसता?"

"चालू असलं की."

"बंद करूं नाकात," ती म्हणाली. दोन आठवड्यांत ती माझ्याशी असं मऊ पहिल्यांदाच बोलत होती.

फळ्यांच्या मागे खिळे ठोकून, दोऱ्या बांधून, पंख्यांच्या तोंडासमोर रोवळ्या आणि चटया लावल्या. तीन दिवस बाहेर आभाळ उघडलं नाही. आत खिडक्या बंद, ना धूळ, ना माशी, एका सुरात वाहणारा कोरडा गरम वारा. मी अंदाजामागून अंदाज काढत होतो, कारण यंत्राला काम दिलं नाही तर ते थंड पडतं. जितकं कठीण गणित तितकी हवा गरम, हे मी सुमंगलाला समजावून सांगितलं. तेव्हापासून सोलांना रस लावला की ती दारातून सांगायची, "आतां मात्शें कठीण घालात." विज्ञान आमच्या घरात इतक्या आदराने यापूर्वी कधी वापरलं गेलं नव्हतं.

वाड्यावर ही गोष्ट लपते कुठे? सगळ्यांचीच सोलं पावसात अडकलेली. पहिल्यांदा गुरुदासची बायको आली. रोवळी तिच्या कमरेवर होती. "आमगेलो कंप्युटर थंय आसा न्हय?" ती म्हणाली. "मागीर आमगेलीं सोलां आमच्याच कंप्युटरार सुकोवया." मी आणखी खिळे आणायला गेलो. दुपारपर्यंत प्रत्येक कंप्युटरच्या मागे त्या त्या घरची सोलं होती. गंमत म्हणजे त्या दिवसापासून कव्हर कुणीही घातलं नाही. उलट एखाद्याचं चुकून राहिलं असेल तर बायका काढून घडी करून ठेवत.

गुरुदासचा कंप्युटर मात्र सगळ्यांत वरच्या फळीवर होता, त्याच्याच हट्टाने, आणि त्याच्या डोक्यावर त्याचा तो मोठा पडदा. त्याच्या बायकोने ओली रोवळी त्या पडद्यावर ठेवली. रसाची धार आत गेली, एकदा चर्र झालं, आणि यंत्र कायमचं गप्प बसलं. गुरुदास धावत आला. सगळी त्याच्याकडे पाहत होती. त्याने वर पाहिलं, बायकोकडे पाहिलं, आणि म्हणाला, "वीज गेल्या आसतली." वीज गेली नव्हती. पण कुणीही त्याला तसं सांगितलं नाही, मीही नाही.

नेमका त्याच वेळी वीज कचेरीतला इंजिनियर दारात येऊन उभा राहिला.

त्याने खोलीत नजर फिरवली. पावसाळी काळोखात लुकलुकणारे दिवे, घरघरणारे पंखे, स्टेजच्या फळ्यांवर अजून चिकटलेला कुठल्याशा नाटकाच्या राजवाड्याचा रंगीत कागद, आणि सगळीकडे लालजांभळी सोलं.

"हें कितें?" त्याने विचारलं.

"सुपरकॉम्प्युटर," मी छाती काढून म्हणालो.

"आनी हें?"

"सोलां," सुमंगला म्हणाली, आणि पुरतं सुकलेलं एक सोल तिने त्याच्या हातावर ठेवलं.

तो ते चावत उभा राहिला. मी त्याला चौकोन समजावून सांगितले, थर समजावून सांगितले, मंगळवारची सर सांगितली. अंदाजाचे कागद पुढे केले. माझी एकच विनंती होती: दर कुठलाही लावा, पण नोंद यंत्राच्या खऱ्या कामाची करा. हा वैज्ञानिक प्रयोग आहे. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"मास्तर," तो शेवटी म्हणाला, "बायल घरांत सोलां सुकयता. हें घरगुती न्हय तर कितें? दुसरी कसलीय नोंद केल्यार म्हाका म्हजी बायल घरांत घेवची ना."

तर सुपरकॉम्प्युटर हा घरगुती वापरासाठी योग्य आहे, असा निकाल गोव्यात अधिकृतपणे लागलेला आहे. तो माझ्या बाजूने लागला, पण कारण माझं नव्हतं, आणि जाताना इंजिनियर पिशवीभर सोलं घेऊन गेला. मी त्या दुपारी जेवलो नाही. संध्याकाळी मात्र भूक लागली.

शाळा उघडायच्या आधी कंप्युटर आपापल्या घरी गेले, कव्हरांखाली जाऊन बसले. फळ्या देवळात परत गेल्या. बाबाजी म्हणाले, यंदा नाटकात राजवाड्याला आंबूस वास येतो. गुरुदासने आपला मेलेला कंप्युटर तसाच हॉलमध्ये ठेवला आहे आणि आल्यागेल्याला सांगतो की हवामानाच्या कामात तो कामी आला. मी अजून अधूनमधून एका कंप्युटरवर एका चौकोनाचा हिशेब करत बसतो. तेवढं कुतूहल शिल्लक आहे.

चवथीच्या चार दिवस आधी आम्ही व्हजें घेऊन केरीला गेलो. करंड्या ओसरीवर मांडल्या, शेजारच्या बायका जमल्या. लाडवांचं कौतुक झालं, केळ्यांचं झालं. मग चंद्रावतीबाईंनी सोलांचा डबा उघडला. आनंदी दाराच्या चौकटीला धरून उभी होती. सुमंगलाने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं होतं, इतकं घट्ट की बोट पांढरं झालं.

विहीणबाईंनी एक सोल तोंडात टाकलं. सावकाश चावलं. मग दुसरं घेतलं आणि तेही उजव्या बाजूच्या दातांनी, मुद्दाम, चावलं.

"कांय लागना," त्या म्हणाल्या. "निवळ. खंय सुकयलीं गो?"

"कंप्युटरार," सुमंगला म्हणाली.

विहीणबाईंनी सुनेकडे पाहिलं. आनंदीने होकाराची मान हलवली. बायकांत कुजबुज झाली. मी जरा पुढे सरून बसलो, कारण आता प्रश्न मला येणार होते.

"मास्तर," चंद्रावतीबाई म्हणाल्या, "तुमच्या त्या कंप्युटराक पावसाचें कळटा म्हणटात. खरें?"

खोटं बोलायची चांगली संधी होती. "कळटा," मी म्हणालो, "पूण पडून गेल्या उपरांत."

सगळी हसली. चंद्रावतीबाई हसल्या नाहीत. त्यांनी डब्याचं झाकण लावलं आणि तो सुमंगलाच्या आणि आपल्या मधे ठेवला.

"मागीर म्हाकाय कळटा," त्या हळू म्हणाल्या. "त्या दिसा दांतांचें हांवें उलयलें, तें तुका कशें लागलें आसतलें, तें तुमची बस गेल्या उपरांत कळ्ळें. मागीर जेवण गेलें ना. सुनेक विचार."

सुमंगलाने पदर सोडला. तिचे डोळे भरले होते आणि ते तिने लपवले नाहीत. मग तिने विहीणबाईंना विचारलं की यंदा त्यांच्या झाडाला कोकमं कशी धरली होती, आणि त्या दोघी दर्याच्या वाऱ्यात सोलं चिकट का राहतात यावर इतक्या रमल्या की आमची दुपारची बस चुकली.

परतताना पेडण्यात बस थांबली. मी खिडकीबाहेर बघत होतो; आभाळात पश्चिमेला ढग होते आणि त्यांचे चौकोन पाडायचा मोह होत होता. सुमंगलाने मला कोपराने ढोसलं.

"च्या घेवया?" तिने विचारलं. म्हापशातही तिनेच विचारलं.